माथेरानची चढण

माथेरानविषयी लिहायला बसलेला माणूस बहुधा माथ्यापासूनच सुरुवात करतो. पॅनोरमाचा सूर्योदय, पॉर्क्युपाइनचा सूर्यास्त, लाल मातीचे रस्ते, झाडीतून अंगावर झेप घालणारी माकडे आणि परत येताना पिशवीत चिक्की व पायात नवी चप्पल. हे वर्णन आपण सर्वांनी इतक्यांदा वाचले आहे, की न जाताही माथेरान पाहिल्यासारखे वाटावे. मी मात्र पायथ्यापासून, नेरळपासून सुरुवात करणार आहे. कारण या डोंगराचा इतिहास मला तरी माथ्यावर फारसा सापडला नाही. तो चढणीवर सापडला. नेरळपासून वरच्या बाजारापर्यंत सडकेने अंतर अवघे सात मैल. पण हे सात मैल कोणी, कशात बसून आणि कोणाच्या जिवावर चढायचे, या एका प्रश्नाभोवती माथेरानची पावणेदोनशे वर्षे फिरत आली आहेत.

पुस्तकांत माथेरानचा इतिहास १८५० पासून सुरू होतो. त्या वर्षी मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांचा मुक्काम डोंगराच्या पायथ्याशी चौक गावी होता. कोकणातला मे महिना म्हणजे काय, हे चौकच्या माणसाला सांगायला नको. साहेबांनी वर मान करून डोंगर पाहिला आणि ते चढून गेले. वरची गर्द झाडी, गार वारा आणि सपाटी पाहून ते इतके खूश झाले, की पावसाळा संपताच पुन्हा वर आले. पुढे त्यांनी तेथे घर बांधले, आणि त्यांच्या पाठोपाठ इतरांनीही जागा धरल्या. यालाच माथेरानचा ‘शोध’ म्हणतात.

शोध हा शब्द मोठा गमतीचा आहे. साहेब वर गेले तेव्हा डोंगर बेवारस नव्हता. धनगर तेथे गुरे चारीत होते. ठाकूर आणि कातकरी त्याच झाडीत मध, लाकूडफाटा आणि शिकार शोधीत होते. वर जायच्या वाटा त्यांच्याच पायांनी पडलेल्या. फार कशाला, नावच पाहा ना! माथ्यावरचे रान ते माथेरान. हे नाव काही साहेबाने विलायतेहून आणलेले नाही. ज्याने ते ठेवले, तो साहेबाच्या आधी वर गेलेला होता आणि मराठी बोलत होता. तळ्याकाठी पिसरनाथाचे देऊळ आहे आणि त्याच तळ्याला शार्लट लेक म्हणतात. एकाच पाण्याच्या काठी एक नाव देवाचे आणि एक मडमेचे. माथेरानच्या इतिहासाचे दोन्ही धागे तेथे असे शेजारी शेजारी पडलेले दिसतात.

डोंगर सापडला, तरी तो गावाला जोडला जायला सडक लागते. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन १८५५ साली वर आले, त्यांनी स्वतःच्या बंगल्यासाठी जागा निवडली आणि नेरळहून चढणारा रस्ता करविला. लगोलग १८५६ साली आगगाडी कल्याणच्या पुढे खोपोलीपर्यंत पोहोचली आणि नेरळ तिच्या वाटेवर पडले. येथेच माथेरानचे नशीब उघडले. महाबळेश्वर साडेचार हजार फूट उंच, उटी तर सात हजारांच्याही वर. माथेरान बिचारे २,६०० फुटांचे. गारव्याच्या शर्यतीत ते कधीच पहिले आले नसते. पण मुंबईचा व्यापारी किंवा बॅरिस्टर सकाळी आगगाडीत बसून त्याच दिवशी झाडीच्या सावलीत टेकू शकेल, असे ठिकाण दुसरे नव्हते. मग साहेबांमागून पारशी आले, बोहरी आले, खोजे आले, आणि झाडीत बंगल्यामागून बंगले उठले.

आता नेरळला उतरलेला हा पाहुणा वर कसा जाई? तरुण असेल तर तट्टावर बसून. आणि वृद्ध, आजारी, मडमा, लेकुरवाळ्या बायका? त्या डोलीतून आणि पालखीतून जात. म्हणजे माणसांच्या खांद्यावरून. सामानाच्या ट्रंका, बिछाने, भांडी, कोंबड्यांची खुराडी हे सगळे डोक्यावरून. बंगले ज्या चिऱ्यांचे, ज्या लाकडाचे उभे राहिले, त्यांचीही वर यायची वाट दुसरी नव्हती. माणूस हवा पालटायला जातो असे आपण म्हणतो. पण त्या काळी एका माणसाने हवा पालटायची म्हणजे चार-पाच माणसांनी घाम गाळायचा, असा सरळ हिशेब होता. त्या हिशेबाची नोंद बंगल्याच्या फाटकावरच्या संगमरवरी पाटीवर सापडत नाही.

हा हिशेब बदलायचे ठरविले ते एका बोहरी घराण्याने. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले मोठे उद्योगपती. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी नेरळहून माथेरानपर्यंत आगगाडी न्यायचा ध्यास घेतला. १९०४ साली काम सुरू झाले आणि १९०७ च्या मार्चमध्ये गाडी धावू लागली. खर्च सोळा लाख रुपये, तोही घरचा. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट. सडकेने जे अंतर सात मैल, तेच रुळांनी सुमारे तेरा मैल झाले. कारण गाडीला माणसासारखे छातीवर चढता येत नाही, तिला डोंगराला वळसे घालावे लागतात. तरीही काही ठिकाणी वीस फुटांत एक फूट अशी चढण आहे. असली चढण आणि असली वळणे चढणारी चार इंजिने खास जर्मनीहून आणली. सबंध वाटेत बोगदा एकच, आणि तोही इतका आखूड, की त्याला एका चुंबनाचा बोगदा असे नाव पडले! जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही वाटेतली स्टेशने. आमच्या घरच्या मुलांना ही नावे अ आ इ ई सारखी पाठ आहेत.

मुलांना पाठ असण्याचे कारण म्हणजे २०२३ च्या मे महिन्यातली आमची सहल. आई, आम्ही दोघे, थोरली आणि धाकटा असे पाचजण निघालो. ही गाडी म्हणजे मोठी मानी बाई आहे. २००५ च्या जुलैतल्या त्या महापावसात तिचे रूळ वाहून गेले, ती पुन्हा धावायला दोन वर्षे लागली. २०१९ च्या पावसाने पुन्हा तसेच झाले आणि २०२२ च्या ऑक्टोबरात ती पूर्ववत सुरू झाली. तेव्हा ‘आहे तोवर जाऊन येऊ’ असा आमचा विचार. आईचे वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे त्याहून वयस्कर. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ती आप्पांबरोबर माथेरानला गेली होती, तेव्हा दोघे नेरळहून चालत चढली होती. गाडीच्या तिकिटाचे पैसे वाचवून वर दोन दिवस अधिक राहायचे, असा आप्पांचा बेत. ही गोष्ट तिने वाटेत तीन वेळा सांगितली, आणि दर वेळी त्या चढणीचा एक मैल वाढला.

गाडी चढत होती तेव्हा धाकटा खिडकीतून खाली पाहत होता. एका वळणावर खालच्या वळणाचे रूळ दिसतात, ते पाहून तो ओरडला, “बाबा, आपण मघाशी तिथं होतो!” गाडी इतकी हळू, की बाजूच्या पायवाटेने डोक्यावर पाटी घेऊन चढणाऱ्या बाया काही काळ आमच्याबरोबर होत्या, मग झाडीत शिरल्या. पुढच्या वळणावर पाहतो तो त्या आमच्या पुढे! धाकट्याला ही शर्यत फार आवडली. थोरलीने मात्र विचारले, “त्या गाडीत का नाही बसत?” मी तिकिटाचा दर सांगितला. तिने पाटीतल्या जांभळांचा भाव विचारला. तो मला ठाऊक नव्हता. पण प्रश्नाचे उत्तर आम्हां दोघांनाही कळले होते.

स्टेशन बाजारातच आहे. आमची उतरण्याची जागा तेथून मैलभर तरी लांब. माथेरानला मोटारींना बंदी आहे. ही बंदी जुनी. आणि २००३ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने हा सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तेव्हा तिला आणखी बळ आले. वाहने दस्तुरी नाक्याशी थांबतात. आम्ही गेलो तेव्हा पुढे पाय, घोडा किंवा हातरिक्षा असे. गावातले दूध, भाजी, गॅसचे सिलिंडर, हॉटेलातल्या गाद्या, सारे घोड्यावरून नाही तर माणसाने ओढून-वाहून न्यायचे. माथेरानची जी शांतता आपण पैसे देऊन विकत घेतो, ती अशी तयार होते. भोंगा नाही, धूर नाही. त्याऐवजी कोणाचा तरी श्वास आहे, एवढेच.

एक हातरिक्षा आमच्यापुढे येऊन उभी राहिली. पुढे ओढणारा पन्नाशीतला, मागून ढकलणारा त्याचा पुतण्या. आईने रिक्षाकडे पाहिले, त्या माणसाच्या पायांकडे पाहिले आणि मला म्हणाली, “मी नाही बसायची. माणसानं माणसाला ओढायचं म्हणजे काय? हळूहळू चालेन मी.”

“अहो आजी, वर चढ आहे,” तो म्हणाला. “तुमच्यानं व्हायचं नाही.”

“मग घोडा कर रे,” आई मला म्हणाली. पण घोड्याची उंची पाहून तो विचार तिनेच सोडला. तिने त्या माणसाला विचारले, “कुठले तुम्ही?”

“खालच्या वाडीतला, आजी. सकाळी चढून येतो, रात्री उतरतो.”

“चालत?”

“चालतच की. आम्हांला कोण ओढणार?”

हे तो हसून म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. मग थोडे थांबून म्हणाला, “आजी, तुम्हांला वाईट वाटतं ते कळतं मला. पुष्कळ लोक तसं म्हणतात आन् चालत जातात. त्यांच्या मनाला बरं वाटतं. आमची मात्र खेप जाते.”

आई गप्प झाली. आम्ही सगळेच गप्प झालो. सुटीच्या पहिल्या तासाला असा प्रश्न समोर येईल, असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. शेवटी आईने आपला तोडगा काढला. सपाटीवर ती चालली, रिक्षा रिकामी तिच्याशेजारून गेली. चढ आला तेव्हा ती बसली. मुले मागून ढकलायला लागली. पैसे पुरत्या खेपेचे ठरले होते, ते दिले. तोडगा काही फार शहाणा नव्हता. चढावरच ओझे अधिक, हे धाकट्यालाही कळत होते. पण वाटेत दोघांच्या गप्पा झाल्या. त्याच्या मुलीचे बारावीचे वर्ष, पावसाळ्यात गाव ओस पडते तेव्हा हाताला काम नसते ती अडचण, आईच्या गुडघ्याला लावायचा कुठलासा पाला. उतरताना आईने त्याला आप्पांच्या त्या चढणीची गोष्ट सांगितली. या खेपेला मैल वाढला नाही.

त्या रात्री मला आदमजींच्या गाडीचा विचार नव्याने सुचला. गाडीने नेरळची चढण माणसाच्या खांद्यावरून उतरविली, हे खरेच. त्याबद्दल त्या घराण्याचे उपकार मानावे तितके थोडे. पण गाडी बाजारापर्यंत येते, आणि बंगले व हॉटेले झाडीत चहूकडे पसरलेली. शिवाय गाडीमुळे पाहुणे वाढले. पूर्वी शंभर माणसांना वर चढवावे लागे, आता हजारांना बाजारापासून पुढे न्यावे लागू लागले. डोली गेली, हातरिक्षा आली. ओझे खाली ठेवले गेले नाही, ते फक्त दुसऱ्या खांद्यावर गेले.

पण या डोंगराने केवळ ओझी वाहणारी माणसेच दिली असे समजू नये. गाडी सुरू झाल्यानंतर पाच वर्षांनी, १ डिसेंबर १९१२ रोजी, माथेरानात एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. पाहुण्यांच्या सेवेवर जगणाऱ्या गावातला हा मुलगा शिकून वकील झाला. वकिली करून मुंबईत बंगला बांधायचा आणि उन्हाळ्यात माथेरानला पाहुणा म्हणून यायचे, हा रस्ता त्यांना मोकळा होता. त्यांनी तो धरला नाही. माथेरानच्या नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष झाले. मुलांसाठी शाळा काढण्याच्या खटपटीत पडले. आणि डोंगराखालच्या कर्जत भागातल्या शेतकऱ्याला पावसाळ्यात सावकाराच्या दारी धान्यासाठी उभे राहावे लागू नये, म्हणून त्यांनी धान्य कोठ्या उभ्या केल्या. ज्या वाड्यांतली माणसे पाटी घेऊन वर येत, त्याच वाड्यांच्या चुलीचा विचार करणारा माणूस वरून खाली उतरला, असे मी म्हणेन.

१९४२ च्या ऑगस्टनंतर भाई कोतवाल भूमिगत झाले. घाटातल्या पाणवीज केंद्रांची वीज मुंबईच्या गिरण्यांना पोहोचविणाऱ्या तारा याच डोंगरांच्या पायथ्यातून जात. भाईंच्या आझाद दस्त्याने त्या तारांचे मनोरे करवतीने कापून पाडले. ठाकूर, कातकरी, आगरी शेतकरी यांना ठाऊक असलेल्या रानवाटा हेच त्यांचे बळ. नव्वद वर्षांपूर्वी साहेबाला डोंगर ‘सापडला’ होता. आता त्याच्याच पोलिसांना त्या डोंगरात माणूस सापडत नव्हता. अखेर फितुरी झाली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. भाईंचे वय तेव्हा तीस. त्यांचे स्मारक माथेरानात आहे. आम्ही मुलांना घेऊन तेथे गेलो. धाकट्याने विचारले, “हे इथलेच? आपल्यासारखे आलेले नाहीत?” इथलेच, असे मी सांगितले. ठिकठिकाणच्या पॉइंटांवरून लुईझा, अलेक्झांडर, गार्बट अशी नावे वाचून कंटाळलेल्या त्या पोराला एवढा फरक समजला, हे मला पुष्कळ वाटले.

चढणीच्या गोष्टीचे अलीकडचे प्रकरण न्यायालयात लिहिले गेले. हातरिक्षा ओढणाऱ्यांनीच मागणी केली होती, की आम्हांला या जोखडातून सोडवा, विजेवर चालणाऱ्या रिक्षा द्या. उलट बाजूला भीती होती, की आज विजेची रिक्षा आली तर उद्या मोटार येईल, आणि मग माथेरानचे माथेरानपण काय राहील? घोडेवाल्यांना आपल्या पोटाची धास्ती. या तिन्ही बाजू खऱ्या आहेत. एकालाही खोटे म्हणता येत नाही. थोड्या ई-रिक्षा आधी प्रयोगादाखल चालवून पाहिल्या. मग ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत अमानुष आहे, ती सहा महिन्यांत बंद करावी. आणि ओढणाऱ्यांची उपजीविका जाऊ नये म्हणून गुजरातेतल्या केवडियाच्या धर्तीवर त्यांना ई-रिक्षा भाड्याने देण्याची योजना सरकारने करावी. पैशाची टंचाई ही सबब चालणार नाही, असेही न्यायालयाने बजाविले.

वर्तमानपत्रातली ही बातमी मी आईला वाचून दाखविली. ती म्हणाली, “चांगलं झालं. पण त्या आपल्या माणसाला मिळेल ना रे रिक्षा? का दुसराच कोणी नंबर लावून बसेल?” न्यायमूर्तींच्या निकालपत्रात आणि माझ्या आईच्या प्रश्नात मला फारसे अंतर दिसले नाही. जोखड काढणे हा अर्धा न्याय. जोखड वाहणाऱ्याच्या हाती पुढची दोरी देणे हा उरलेला अर्धा. डोली गेली तेव्हा हा दुसरा अर्धा कोणाच्या लक्षातच आला नाही. आता तो निदान कागदावर आला आहे. तो रस्त्यावर उतरतो की नाही, हे पाहणे सरकारइतकेच आपल्यासारख्या पाहुण्यांचेही काम आहे. कारण पावणेदोनशे वर्षे हे सारे चालले आहे ते आपल्यासाठीच.

दिवाळीच्या सुटीत पुष्कळ कुटुंबे माथेरानला जातील. पावसाने धुऊन निघालेली झाडी, करवंदीच्या जाळ्या, फांदीवरून फांदीवर उडी घेणारे एखादे शेकरू, दरीतून वर येणारे धुके, हे सगळे जरूर पाहावे. मुलांना गाडीत बसवावे, एका चुंबनाच्या बोगद्यात अंधार होतो की नाही ते पाहू द्यावे. पण एका सकाळी थोडे लवकर उठून वाडीकडून येणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशीही उभे राहावे. त्या वेळी खालून माणसे वर येत असतात. डोक्यावर दूध असते, भाजी असते, कोणाच्या हाती घोड्याचा लगाम असतो. माथेरान रोज सकाळी असे वर चढते. त्यांना वाट द्यावी, आणि जमले तर चार पावले त्यांच्याबरोबर चालावे.